बर्निस ठणठणीत आहे

पोर्ट हॅलममधला माणूस संध्याकाळी कामावरून घरी निघाला की गाडीत बसल्या बसल्या आधी रेडिओवर विन्स फेरांटेचा कार्यक्रम लावतो आणि मग आरसा नीट करतो. त्या कार्यक्रमात बर्निस हुडाकचा फोन आला नाही, तर रस्सा आहे पण मीठ विसरलं, असं त्याला वाटतं.

बर्निसनं उभा जन्म शहराची बस चालवली. बसमध्ये बोलायला माणसं आयती मिळायची. आरशात बघून अगदी शेवटच्या बाकावरच्यालाही चार शब्द सुनावता यायचे. मग निवृत्ती आली. नवरा आधीच गेलेला, मुलं कधी नव्हतीच, आणि घरात तिचं ऐकून घ्यायला उरला तो एक फ्रीज. तेव्हा एका संध्याकाळी तिनं विन्सच्या कार्यक्रमाला फोन लावला आणि शहराच्या बेसबॉल टीमच्या, स्टोकर्सच्या, मॅनेजरबद्दल आपलं मत सांगितलं.

"तुझा हा रॅटिगन पिचरला असा काढतो, विन्स, जसा खाष्ट सासरा जावयाला भरल्या ताटावरून उठवतो. अरे, त्याचं जेवण तरी होऊ दे."

विन्स इतका हसला की जाहिरात लावायची विसरला. तेव्हापासून 'स्लोव्हाक टेकडीवरची बर्निस' म्हणजे शहराच्या घरातलीच बाई झाली. दुकानात लोक आवाजावरून तिला ओळखायचे. पाव घ्यायला गेली की पाववाला विचारायचा, "काय बर्निस, आज कोणाची खैर नाही?"

त्या ऑक्टोबरात शहराला दोन ताप एकदमच चढले. स्टोकर्स एका पिढीनंतर बाद फेरीत पोचले होते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवडणूक होती. अंगणाअंगणात उमेदवारांच्या पाट्या, दारादारात टीमचे नारिंगी झेंडे. टीव्हीवर दोन चेंडूंच्या मध्ये कोणीतरी येऊन सांगायचं की समोरचा उमेदवार चोर आहे. बर्निसला दोन्ही गोष्टींबद्दल मत होतं. मत नाही अशी गोष्ट तिला अजून सापडायची होती.

त्याच सुमारास रेडिओनं श्रोत्यांना विचारलं, बाद फेरीतल्या घरच्या पहिल्या सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू कोणी टाकावा? लोकांनी एका सुरात बर्निसचं नाव घेतलं. विन्सनं ते कार्यक्रमातच जाहीर केलं. बर्निस पहिल्यांदाच फोनवर गप्प झाली.

"बर्निस? आहात ना तुम्ही?"

"आहे रे. नाक पुसतेय."

दुसऱ्या दिवसापासून ती घरामागच्या गल्लीत उभी राहून गॅरेजच्या दारावर चेंडू फेकायला लागली. दारावर खडूनं चौकोन काढला होता. पहिल्या दिवशी चेंडू शेजारच्या गाजरांच्या वाफ्यात गेला. आठवड्याभरात तो चौकोनात नाही तरी चौकोनाच्या गावात पडायला लागला. खांदा रात्रभर ठणकायचा, पण तिची तक्रार नव्हती.

तिची तक्रार होती ती प्रस्ताव क्रमांक चारबद्दल.

मतपत्रिकेवर उमेदवारांच्या खाली तो प्रस्ताव होता: स्टोकर्ससाठी नवं स्टेडियम बांधायचं आणि त्याचा खर्च विक्रीकर वाढवून शहरानं उचलायचा. मालकाचं म्हणणं साधं होतं. नवं स्टेडियम द्या, नाहीतर टीम दुसऱ्या शहरात जाईल. भिंतींवर, बसथांब्यांवर, दुधाच्या दुकानात सगळीकडे नारिंगी अक्षरांत लिहिलं होतं, 'चारला होय'. होय म्हणणारा तो खरा स्टोकर्सवाला, आणि नाही म्हणणारा कोण, हे कोणी लिहिलं नव्हतं, पण प्रत्येकाला कळत होतं.

बर्निसला जुनं स्टेडियम आवडायचं. त्याचा पाया पक्का होता, गळत होतं ते फक्त सामना बघायला श्रीमंतांसाठी केलेल्या खोल्यांचं छत. आणि गेल्याच वर्षी पैसे नाहीत म्हणून शहरानं टेकडीवरची बस बंद केली होती. म्हाताऱ्या बायका दवाखान्यात जायला शेजाऱ्यांच्या हातापाया पडत होत्या. त्यांतल्या कित्येकींना बर्निसनं स्वतः हात धरून बसमध्ये चढवलं होतं.

एका संध्याकाळी तिनं फोन लावला. आधी शॉर्टस्टॉपला चेंडू अडवणाऱ्या पोराच्या ढिल्या हातांबद्दल बोलली आणि मग त्याच दमात म्हणाली, "आणि ते चार नंबरचं. मी नाही म्हणणार आहे."

विन्सचा आवाज जरा अडखळला. "बर्निस, इथं आपण राजकारण नको आणूया. हा खेळाचा कार्यक्रम आहे."

"मान्य. मग मघाशी जाहिरातीत तूच तुझ्या गोड आवाजात 'चारला होय' म्हणालास, ते काय होतं? बेसबॉल?"

"ती जाहिरात होती."

"म्हणजे पैसे घेऊन बोललं तर खेळ, आणि फुकट बोललं तर राजकारण."

"मालक टीम घेऊन गेला तर काय कराल, बर्निस?"

"ज्याला खरंच जायचं असतं, विन्स, तो दारात उभा राहून भाव करत बसत नाही. आणि समजा गेलाच—"

फोन तुटला. तिला वाटलं, लाईन गेली. पुन्हा लावला तर रेडिओच्या कचेरीत फोन घेणाऱ्या बाईनं सांगितलं, सगळ्या लाईन भरल्यात. दुसऱ्या दिवशी भरलेल्याच होत्या. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बर्निसनं शेजारणीला तिच्या फोनवरून लावायला सांगितलं. तिला लगेच लाईन मिळाली. तिला बिचारीला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "चुकून लागला," म्हणून तिनं ठेवून दिला.

रविवारी धाकटा भाऊ मायलो नेहमीसारखा जेवायला आला. मायलो लोखंडी बांधकामावरचा मुकादम. उंचावर तुळयांवरून चालत चालत म्हातारा झालेला, मनगटं अजून नांगरासारखी. त्याच्या जाकिटाला 'चारला होय'चा नारिंगी बिल्ला होता. बर्निसनं बिल्ला पाहिला आणि काही न बोलता ताटात हालुश्की, म्हणजे कोबी-लोण्यातल्या जाड शेवया, वाढल्या.

"ऐकलं मी रेडिओवर," मायलो म्हणाला.

"सगळ्या शहरानं ऐकलं. अर्धंच ऐकलं, बाकीचं त्यांनी कापलं."

"युनियनच्या हॉलमध्ये मला विचारतात, तुझी बहीण आपल्या पोटावर का उठलीये?"

"मी कोणाच्या पोटावर उठलेली नाही. तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, ती लहानपणापासून अशीच आहे." त्यानं घास घेतला, आणि मग काटा खाली ठेवला. "थट्टा सोड, बर्नी. माझी अर्धी माणसं दुसऱ्या राज्यात गेली. आमच्या गारबरनं घर विकलं. त्याची बायको शाळेत शिकवायची, ती पण गेली. लोखंडकामवाल्याला लोखंड मिळालं नाही तर त्यानं काय करायचं, विणकाम?"

"नदीवरचा पूल गंजलाय. तो बांधा. मी दोन्ही हातांनी मत देते."

"पुलासाठी कोणी मत मागत नाहीये. समोर जे ताट आलंय त्यातच जेवायचं असतं."

"ताट आमच्या पैशांचं, सरपण आमचं, आणि जेवणार तो मालक. आपण बाहेर उभं राहून वासावर पोट भरायचं."

"वास तरी येईल!" मायलोनं टेबलावर हात आपटला. "दोन वर्षं मला वास पण आलेला नाही."

हे बर्निसला लागलं. भावाच्या घरी हीटर कमीवर ठेवलेला असतो, हे तिला माहीत होतं. तिचं मत तेवढ्यानं बदललं नाही, पण आवाज खाली आला. "मायलो, तुझं म्हणणं खोटं नाही. पण माझंही खोटं नाही."

"मग एकाचं तरी कमी खरं असेल," असं म्हणून तो उठला आणि अर्धं ताट तसंच टाकून निघून गेला. हुडाकांच्या घरात अन्न टाकून कोणी उठत नसे. बर्निसनं ते ताट झाकून ठेवलं आणि दुपारभर गॅरेजच्या दारावर चेंडू फेकत राहिली.

सामन्याच्या दोन दिवस आधी टीमच्या कचेरीतून कोर्टनी व्हेल नावाची बाई आली. चाळिशीची, नीटनेटकी, बोलायला गोड. हातात पातळ कागदात गुंडाळलेली कोरी नारिंगी जर्सी होती. पाठीवर 'बर्निस' असं नाव शिवलेलं. बर्निसनं त्या नावावरून हात फिरवला. मग जर्सी उलटून पाहिली तर छातीवर, टीमच्या चिन्हाखाली, तळहाताएवढं ठिगळ होतं: 'चारला होय'.

"हे काय?"

"या फेरीत मैदानात उतरणारे सगळे पाहुणे हीच घालतायत, बर्निस. तुम्हाला काही बोलायचं नाहीये. नुसती घालायची, चेंडू टाकायचा, हात हलवायचा."

"माझी स्वतःची जर्सी आहे. तिच्यावरचे मोहरीचे डाग मालकाच्या मालकीपेक्षा जुने आहेत. ती घालते."

कोर्टनी हसली, पण मान हलली नाही. "तसं चालणार नाही. वरून ठरलंय."

"मग मी कात्रीनं हे ठिगळ काढते. नाव राहू दे."

"बर्निस, समजून घ्या. तुम्ही रेडिओवर जे बोललात त्यामुळे वर बरेच लोक नाराज आहेत. मी भांडून तुमचं नाव टिकवलं. ही जर्सी घातलीत तर सगळं मिटेल."

"म्हणजे माफीनामा छातीवर शिवून आणलायस." बर्निसनं जर्सी घडी घालून तिच्या मांडीवर ठेवली. घडी फार नीट घातली, नाव वर येईल अशी. "मला तो चेंडू टाकायचाय, पोरी. खोटं कशाला सांगू, गेले तीन आठवडे मी दुसरा विचार केलेला नाही. पण ही घालून नाही."

"मग तो मान दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल."

"द्या. पण लोकांनी मला निवडलंय. त्यांना कारण सांगावं लागेल."

कोर्टनी दारापर्यंत गेली आणि वळली. तिचा चेहरा खरंच उतरला होता. "कारणाचं ते बघतील," ती म्हणाली.

आणि त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विन्स फेरांटेनं जाहीर केलं की आपल्या सगळ्यांची लाडकी बर्निस हुडाक अचानक आजारी पडली आहे आणि तिच्या जागी टीव्हीवर हवामान सांगणारे गृहस्थ पहिला चेंडू टाकतील. "प्रार्थना करा," विन्स म्हणाला. बर्निस तेव्हा स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला दिवा बदलत होती. तिनं दिवा घट्ट पिळून बसवला आणि मगच खाली उतरली.

तासाभरात दारावरची घंटा वाजायला लागली. आधी कोंबडीचं सूप आलं. मग पुन्हा कोंबडीचं सूप. पाववाला गोड पाव घेऊन आला. चर्चमधल्या दोघी तसराळंभर भाजलेले बटाटे घेऊन आल्या आणि दारातच डोळ्यांना रुमाल लावून उभ्या राहिल्या.

"मी आजारी नाही," बर्निसनं प्रत्येकाला सांगितलं. "मला त्यांची 'होय'वाली जर्सी घालायची नव्हती, म्हणून त्यांनी मला आजारी पाडलंय."

चर्चमधल्यांपैकी थोरलीनं तिचा हात हातात घेतला. "बर्निस, तापात माणूस असंच बोलतो."

"कपाळाला हात लावून बघ."

तिनं लावला. बराच वेळ लावला. "गार आहे," ती म्हणाली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू राग चढला. "रेडिओवर खोटं बोलले? मी मेणबत्ती लावून आले ना."

धाकटी मात्र रुमालाची घडी करत होती. तिचा जावई मायलोच्या हाताखाली होता. जाताना ती एवढंच म्हणाली, "घातली असतीस तर काय बिघडलं असतं गं? एक कपडाच तर."

"कपडाच असता तर त्यांनी माझा मला घालू दिला असता," बर्निस म्हणाली. ती बाई पायऱ्या उतरून गेली, पण भांडं परत नेलं नाही.

सामना भर दुपारी होता, कारण संध्याकाळच्या वेळा टीव्हीवाले मोठ्या शहरांच्या टीमना देतात आणि पोर्ट हॅलमला उरलंसुरलं. बर्निसकडे तिसऱ्या बेसच्या बाजूचं, वरच्या मजल्यावरचं तिचं नेहमीचं तिकीट होतं. ते कोणाच्या कृपेचं नव्हतं. तिनं मोहरीच्या डागांची जुनी जर्सी घातली, ओठांना लाली लावली, आणि पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'मी ठणठणीत आहे. चारला नाही.' पुठ्ठा कोटाच्या आत पाठीला लावून ती आत शिरली. त्यामुळे जिना चढताना तिची पाठ एखाद्या राणीसारखी ताठ होती.

जागेवर पोचली तर शेजारच्या खुर्चीत मायलो बसला होता. ती जागा वर्षानुवर्षं त्याचीच होती. छातीवर बिल्ला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

"आजारी आहेस असं ऐकलं," तो मैदानाकडे बघत म्हणाला.

"मग सूप घेऊन नाही आलास ते?"

"मला माहीत होतं खोटं आहे. तू आजारी असलीस तर आधी मला फोन करून शिव्या देतेस."

खाली ध्वनिक्षेपकावरून भरदार आवाज आला. "आपली बर्निस आज आपल्यात नाही. अंथरुणातून ती ऐकत असेल. तिच्यासाठी एकदा जोरात!" सगळं स्टेडियम टाळ्यांनी दणाणलं. माणसं मनापासून ओरडत होती. हजारो गळे आपलं नाव घेतायत आणि आपण इथंच आहोत, हे ऐकत बर्निसनं कोटाची बटणं सोडली. हीच ती माणसं, ज्यांच्यासाठी तिला तो चेंडू टाकायचा होता.

ती खुर्चीवर चढली. पुठ्ठा काढला आणि डोक्यावर धरला.

आधी फक्त मागच्या दोन रांगांनी पाहिलं. कोणीतरी हसलं. "अरे, ही तर इथंच आहे!" मग शेजारच्या विभागानं पाहिलं. थोड्या टाळ्या पडल्या, एकदोघांनी शिट्ट्या मारल्या. आणि मग लोकांनी पुठ्ठ्यावरची दुसरी ओळ वाचली.

बर्निसला आयुष्यात बऱ्याच शिव्या पडल्या होत्या. बस उशिरा आली की पाऊसही तिनंच पाडला असं लोकांना वाटायचं. पण आपल्याच टीमच्या माणसांनी केलेली हुर्यो तिनं कधी ऐकली नव्हती. ती आधी एका कोपऱ्यातून उठली, मग वरून, मग खालून. नेमका मागच्या रांगेतला, लाल दाढीचा एक आडदांड माणूस सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. "टीम घालवायचीये का तुला, म्हातारे? खाली बस!" कोणाचा तरी शेंगदाण्यांचा पुडा तिच्या खांद्यावर आपटला. ती खुर्ची धरायला वाकली नाही. वाकली असती तर पुठ्ठा खाली आला असता.

खाली हवामानवाल्यानं पहिला चेंडू टाकला. तो दोन टप्पे खाऊन कॅचरच्या बाजूनं निघून गेला.

"माझा सरळ गेला असता," बर्निस म्हणाली. मायलोनं ते ऐकलं.

तेवढ्यात दोन सुरक्षारक्षक आले. थोरला अदबीनं बोलत होता. "मॅडम, राजकीय पाट्यांना आत परवानगी नाही. ती द्या आणि खाली उतरा."

बर्निसनं मैदानापलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं घराएवढ्या नारिंगी अक्षरांत 'चारला होय' लिहिलं होतं. "ती आधी काढा. माझी त्याच्या मागोमाग देते."

"ती जाहिरात आहे, मॅडम."

"हो, हे मी रेडिओवर पण ऐकलंय."

थोरल्यानं पुठ्ठा तिच्या हातातून सोडवून घेतला. तिनं ओढाताण केली नाही. "घेऊन जा. तोंड तर माझ्याकडेच राहतंय." तसा धाकटा रक्षक पुढे झाला. "मग तुम्हाला बाहेरच जावं लागेल." आणि त्यानं तिचा दंड धरला.

मायलो उठला. तो काही घाईनं उठला नाही. आधी कागदी पेला पायाशी ठेवला, मग सगळा उभा राहिला, आणि त्याला सगळं उभं राहायला बराच वेळ लागतो.

"हात काढ," तो म्हणाला.

"साहेब, तुम्ही मध्ये पडू नका."

"हे दिसतंय?" मायलोनं आपला नारिंगी बिल्ला बोटानं वाजवला. "मी होयवाला आहे. आमची सगळी युनियन होयवाली आहे. ही माझी थोरली बहीण, आणि ही चुकतेय. शंभर टक्के चुकतेय. पण ती आजारी नाही. तुम्ही लोकांनी सगळ्या गावाला सांगितलं ती आजारी आहे. आता ती इथं उभी दिसली म्हणून तिला बाहेर काढताय?"

आजूबाजूचा गलका जरा खाली आला. मायलोचा आवाज तुळयांवरून खालच्या माणसाला ऐकू जाण्यासाठी बनलेला होता. त्यानं तीन रांगा सहज व्यापल्या.

"तिला काढायचं असेल तर मला पण काढा. आणि मग माझ्या माणसांना मी सांगेन, 'होय'चा बिल्ला लावून पण बाहेर काढतात."

थोरल्या रक्षकानं धाकट्याकडे पाहिलं. मग मागच्या लाल दाढीवाल्यानंच, जरा चाचरत, विचारलं, "म्हणजे, ती खरंच आजारी नव्हती? माझ्या आईनं काल तिच्यासाठी सूप पाठवलं."

"कोणत्या भांड्यात?" बर्निसनं विचारलं.

"निळ्या झाकणाच्या."

"मीठ कमी होतं. पण चांगलं होतं. तिला सांग."

कोणीतरी हसलं. थोरल्या रक्षकानं पुठ्ठ्याची घडी करून काखेत मारली. "बसून बघा सामना," तो म्हणाला, आणि दोघं गेले. लोकांचा राग काही पळाला नाही. त्या दुपारी बऱ्याच जणांनी तिच्याकडे पाठ फिरवली, एकानं तर मुद्दाम 'होय'चा झेंडा तिच्या डोळ्यांसमोर नाचवला. ती त्याच्या बाजूनं मान काढून खेळ बघत राहिली आणि सहाव्या इनिंगमध्ये रॅटिगन पिचरला काढायला निघाला तेव्हा नेहमीसारखी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळी झाली.

आठव्या इनिंगमध्ये दोन माणसं बेसवर असताना स्टोकर्सच्या डाव्या हातानं खेळणाऱ्या म्हाताऱ्या पडाल्कानं चेंडू असा हाणला की तो भिंतीवरच्या नारिंगी अक्षरांच्याही वरून गेला. स्टेडियम उभं राहिलं. लाल दाढीवाल्यानं भान हरपून समोर जे सापडलं त्याला मिठी मारली, आणि समोर सापडली बर्निस. दोघं काही क्षण एकमेकांना धरून उड्या मारत होते. मग त्याला आठवलं. त्यानं हात सोडले, दाढी खाजवली आणि म्हणाला, "मी अजून होयवालाच आहे हं."

"राहा ना," बर्निस म्हणाली. "तुला कोण नको म्हणतंय?"

तो सामना स्टोकर्सनी जिंकला. पुढचे दोन हरले आणि त्यांची बाद फेरी संपली. विन्सनं एका संध्याकाळी, एरवीपेक्षा कमी गोड आवाजात, सांगितलं की बर्निसच्या आजाराची बातमी 'तपासून न घेता' दिली गेली. माफी अशी मागितली नाही, पण लाईन मोकळी झाली. बर्निसनं पहिल्याच दिवशी फोन लावला, रॅटिगनबद्दल पोटभर बोलली, आणि फोन ठेवता ठेवता 'चारला नाही' म्हणाली. या वेळी विन्सनं तोडला नाही. नुसता उसासा टाकला.

मतदानाला बर्निस आणि मायलो नेहमीप्रमाणे एकाच गाडीतून गेले. शाळेच्या व्यायामशाळेत नावं बघणारी बाई दोघांना ओळखत होती.

"एक होय आणि एक नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघं घरीच बसला असतात तरी हिशेब तोच झाला असता."

"आणि मग तोंड दाखवायचं कसं?" मायलो म्हणाला.

प्रस्ताव चार मंजूर झाला. फरक थोडा होता, इतका थोडा की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी पैज लावायला तयार नव्हतं. पण मंजूर झाला तो झाला. टेकडीनं मात्र 'नाही' म्हटलं होतं, आणि तेही चांगलं दणकून. मालकानं टीव्हीवर येऊन सगळ्या शहराचे आभार मानले. बर्निसनं ते उभ्यानं पाहिलं आणि टीव्ही बंद केला. त्या रात्री तिला झोप लागली नाही. हरल्याचं दुःख तिला बेसबॉलनं चांगलं शिकवलं होतं. पण तिथं निदान पुढच्या एप्रिलात पुन्हा सुरुवात होते.

शनिवारी मायलो पाचोळा काढायला आला. हा त्यांचा दर शरद ऋतूतला नेम. वसंतापर्यंत काम सुरू होईल असं त्याला हॉलमध्ये सांगितलं होतं. तो खूश होता, पण बहिणीसमोर ते फार दाखवत नव्हता. अंगणात मॅपलची पानं घोट्यापर्यंत साचली होती आणि मधोमध बर्निसची 'चारला नाही'ची पाटी अजून रोवलेली होती. रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांनी आपापल्या पाट्या केव्हाच काढल्या होत्या.

मायलोनं दाताळं भिंतीला टेकवलं आणि पाटीचा खांब दोन्ही हातांनी धरला.

"राहू दे ती," बर्निस पायरीवरून म्हणाली.

"निवडणूक झाली, बर्नी. तुम्ही हरलात."

"माहितीये. मोजणी बरोबर झाली, माझं काही म्हणणं नाही. पण मत माझं अजून तेच आहे."

"लोक हसतील."

"हसू दे. जाता येता वाचतील तरी."

मायलोनं खांब हलवून पाहिला. घट्ट होता, तिनंच ठोकला होता, बस घरंगळू नये म्हणून चाकाखाली ठोकळा ठोकतात तसा. त्यानं हात झटकले, दाताळं पुन्हा उचललं, आणि पाटीच्या भोवतीभोवतीनं पाचोळा ओढायला लागला. खांबाच्या अगदी बुडाशी अडकलेली पानं दाताळ्यानं निघेनात, तेव्हा कुरकुरत गुडघ्यावर बसला आणि हातानं काढली.